कॉलेजच्या ताईंचा ग्रुप, पाच वर्षांचा अनुभव (रत्नागिरी)

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी मिळून शिकणाऱ्या मुलींसाठी, आणि पास होऊन बाहेर पडलेल्यांसाठीही, एक मार्गदर्शनाची सोय चालवतात, आम्ही सगळ्या तिला नुसतं ताईंचा ग्रुप म्हणतो. मी २०२१ पासून त्यात आहे, पहिली दोन वर्षं मदत मागणारी म्हणून आणि २०२३ पासून स्वतः ताई म्हणून, म्हणजे दोन्ही बाजू बघून झाल्यात. गेल्या महिन्यात तिघीचौघींनी विचारलं की नाव घालू का, खरंच उपयोग होतो की नुसते सणाच्या शुभेच्छांचे फोटो येत राहतात, तर प्रत्येकीला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी त्यांच्या नोंदवहीबद्दल, कारण माझ्या मते अख्ख्या ग्रुपचा जीव त्या वहीत आहे. मुलगा कॉलेजातून बाहेर पडला की दहा वर्षांनी पण त्याच आडनावाने सापडतो, गावातलं घर तेच, बऱ्याचदा नंबरही तोच. मुलीचं लग्न झालं की आडनाव बदलतं, काहींचं पहिलं नावही बदलतं, गाव बदलतं, नंबर बदलतो, प्रोफाइलवर फोटो मुलाचा नाहीतर देवाचा. मग कॉलेजच्या यादीत तिच्या नावापुढे संपर्क नाही असा शेरा पडतो आणि तिचा विषय संपतो. या बायकांनी काय केलं, वहीत पहिलं नाव कॉलेजातलंच ठेवलं, हजेरीपटावर होतं ते. त्याच्या खाली माहेरचं गाव, वाडी, आणि आईचा नाहीतर वहिनीचा फोन. आत्ताचं नाव, आत्ताचा पत्ता पुढच्या रकान्यात, तो पेन्सिलीने, कारण तो बदलत राहतो. कुणी सापडेनाशी झाली की सरळ माहेरी फोन जातो आणि तिकडून आई सांगते, अगो ती आता पनवेलला असते, थांब नंबर देते.

भेटीगाठी पण त्यावरच ठरवल्यात. एक भेट मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आणि एक गौरी-गणपतीत, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण तेव्हाच माहेरवाशिणी गावात असतात. आधी म्हणे डिसेंबरात गॅदरिंगला जोडून मेळावा ठेवायचे आणि वीसपंचवीस जणी यायच्या, त्या पण सगळ्या शहरातच राहणाऱ्या. मे मध्ये पोरांना सुट्टी, आंब्याचे दिवस, सगळ्या आलेल्याच असतात. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना तेव्हा यायला जमत नाही, पण त्या मग गणपतीत येतात.

आता माझं. मी २०१२ ची बीएस्सी केमिस्ट्री. दोन-अडीच वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला होते, २०१५ ला लग्न होऊन डोंबिवली, २०१६ ला मुलगी झाली आणि मग नोकरी राहिली ती राहिलीच. २०२० च्या शेवटी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, मला भाऊ नाही, आम्ही तिघं रत्नागिरीजवळ नाचणे गावी आईकडे येऊन राहिलो. मिस्टरांचं काम घरून चालू होतं तोपर्यंत ठीक चाललं, मग ऑफिसने बोलावलं, ते परत गेले आणि मी, लेक, आई आणि अंथरुणाला खिळलेले बाबा इथे. दोन घरांचे खर्च सुरू झाले. मी बायोडेटा लिहायला बसले आणि २०१५ नंतरच्या ओळीत काय लिहायचं तेच कळेना, तीन रात्री ते पान तसंच उघडं होतं. त्याच आठवड्यात आईच्या फोनवर फोन आला, कॉलेजातून बोलतोय, तुमची मुलगी २०१२ च्या बॅचची ना, कुठे असते आता. आई म्हणाली, कुठे म्हणजे, इथे भांडी घासतेय, देते. असं माझं नाव लागलं.

पहिला अनुभव चांगला नव्हता ते पण सांगते. मला जी ताई दिली ती मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती, माझ्याच विषयाची म्हणून जोडी लावलेली. दोन महिने फोन नाही. मी दोनदा मेसेज टाकला, एकदा उत्तर आलं की प्रवासात आहे, मग बोलू, आणि ते मग कधी आलंच नाही. आधीच आपल्याला वाटत असतं की आपण कुणाच्या गणतीत नाही, त्यात असं झालं की माणूस आणखी मागे सरकतो, मी जवळजवळ सोडून दिलं होतं. शेवटी ग्रुप सांभाळणाऱ्या बाईंना फोन करून स्पष्ट सांगितलं तर त्यांनी चार दिवसात बदलून दिली. बदलून दिली हे चांगलंच, पण दोन महिने कुणी स्वतःहून विचारलं का नाही ही माझी तक्रार तेव्हाही होती आणि आजही आहे. आता पहिल्या महिन्यानंतर दोघींनाही वेगवेगळा फोन जातो, ते मागाहून सुरू झालं.

दुसरी ताई १९८९ ची, मायक्रोबायोलॉजीची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी-माकूळ परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं तिचं. तिने पहिल्या फोनला मला करिअरबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं, चोवीस तासातले तुझ्या हातात किती तास असतात ते सांग, खरे सांग. मी मोजले तर साडेपाच भरले, ते पण बाबांना दुपारी झोप लागली तर. ती म्हणाली बरं, मग साडेपाच तासांची कामं कुठली ते बघू. दुसऱ्या फोनला तिने बायोडेटा वाचायला मागितला आणि २०१५ नंतरच्या रिकाम्या जागेत माझ्याकडून लिहून घेतलं, लग्न, मूल, वडिलांचं आजारपण, साल घालून, जसं आहे तसं. म्हणाली मुलाखतीत ते विचारणारच आहेत, मग लपवून घाम फुटण्यापेक्षा आधीच कागदावर असू दे.

मग तिने मला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, फूड सेफ्टीचं एक दिवसाचं ट्रेनिंग असतं ते करायला लावलं. आणि मार्चच्या शेवटी सांगितलं की आता कॅनिंगचा सीझन येतोय, आंब्याच्या पल्पच्या कारखान्यांना एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत लॅबला माणसं कमी पडतात, शिफ्टमध्ये घेतात, तुला संध्याकाळची शिफ्ट मिळाली तर आई बाबांजवळ बसेल. पहिल्या दिवशी ती गेटपर्यंत आली माझ्याबरोबर, आत नाही आली. आत काम साधं, प्रत्येक लॉटचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचा, पीएच बघायचा, आंबटपणासाठी टायट्रेशन. रिफ्रॅक्टोमीटर मी बरीच वर्षं बघितला नव्हता. पण ब्युरेट हातात धरली, नळी सोडली, गुलाबी छटा आली आणि हात बरोबर तिथेच थांबला. त्या रात्री घरी येऊन मी जेवले नाही, रडले फक्त, आणि आईला वाटलं कामावर कुणी बोललं. तो सीझन केला, पुढचा केला, आणि तिथूनच ओळख लागून एका लॅबमध्ये कायम झाले, आज तिथेच आहे.

२०२२ ला बाबा गेले. ताई दहाव्याला आली, दिवसभर आईजवळ बसली, तांदूळ निवडले, नोकरीबद्दल, सुट्टीबद्दल काही बोलली नाही. जाताना फक्त म्हणाली की मीच तुझ्या कामावर कळवलंय, तू फोन करू नकोस. मी या ग्रुपला जे काही गुण देतेय ते खरं तर या एका गोष्टीला देतेय. नोकरी लावून देणारे क्लासवाले, एजन्सीवाले पुष्कळ आहेत. घरात माणूस गेल्यावर कोण कुठे फोन करेल हे आधीच ओळखणारं माणूस कुठल्या वेबसाइटवर मिळत नाही.

चालतं कसं ते थोडक्यात. शिकणाऱ्या मुलींना फुकट, आम्हाला वर्षाला ३०० रुपये वर्गणी. एका ताईकडे एका वेळी जास्तीत जास्त तीन मुली. पहिली भेट समोरासमोर, कॉलेजात नाहीतर मुलीच्या घरी, मग पंधरवड्यातून एक फोन, रात्री नऊनंतर नाही. मुलगी जे सांगेल ते घरी पण जाणार नाही आणि सरांकडे पण नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. मुलींच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, तुला आत्ता कशाची काळजी वाटते. बाकी सगळे रकाने पटापट भरले जातात आणि या एकावर मुली दहा-दहा मिनिटं थांबतात, काही जणी तो फॉर्म घरी घेऊन जातात. माझ्या एका मुलीने तिथे लिहिलं होतं, एसटी चुकण्याची. मला आधी वाटलं घाईत काहीतरी खरडलंय. मग कळलं की तिच्या वाडीला संध्याकाळी एकच वस्तीची गाडी जाते, ती चुकली की रत्नागिरीत रात्र कुठे काढायची, त्यामुळे तीन वर्षं तिने दुपारचं एकही प्रॅक्टिकल पूर्ण केलं नव्हतं आणि सरांचं मत झालेलं की मुलीला इंटरेस्ट नाही. मारुती मंदिराजवळ राहणारी एक माजी विद्यार्थिनी प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला घरी ठेवून घ्यायला लागली, विषय मिटला.

पैशाचं एक वेगळं लिहिते कारण ते बाहेर फार जणांना माहीत नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर, खलाशी घरी गेलेले, आणि नेमकं त्याच दोन महिन्यात कॉलेजची ॲडमिशन, हॉस्टेलचं डिपॉझिट, पुस्तकं, सगळं येतं. जयगडकडची एक हुशार मुलगी होती, बारावीला उत्तम मार्क, चिपळूणला नर्सिंगला नंबर लागत होता आणि वडील म्हणत होते पुढच्या वर्षी बघू. वडिलांची शिकवायची तयारी होती, जूनमध्ये हातात रोख नव्हती एवढंच. हे ग्रुपमधल्या एका कोळीवाड्यातल्याच ताईने ओळखलं, ती स्वतः त्यातून गेलेली. तेव्हापासून आमच्या वर्गणीतला एक हिस्सा जूनसाठी बाजूला ठेवतात, बिनव्याजी उसने, परतफेड नारळी पौर्णिमेनंतर दर्या सुरू झाला की हप्त्याने. आंबावाल्यांचं उलटं, त्यांच्याकडे जूनमध्ये पैसे असतात आणि जानेवारीत मोहोराला फवारण्या चालू झाल्या की हात रिकामा, त्यांच्या मुलींना परीक्षा फीच्या वेळेस लागतात. हे कुठल्या बँकेच्या फॉर्ममध्ये बसत नाही, इथल्याच बाईला कळतं.

सरकारी योजना सांगण्याचं कामही ताया करतात आणि ते अजून जास्त व्हायला हवं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींनी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर २०२४-२५ पासून ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, हे आमच्या गावात कितीतरी पालकांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना वाटलं हॉस्टेल-मेस पण त्यातच आलं. दोन्ही गैरसमज मुलीचं वर्ष घालवतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, हे एप्रिलमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत रांगा असतात.

दरवर्षी निकाल लागला की आपण पेपरात वाचतो, कोकण विभाग राज्यात पहिला. २०२५ ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के होता. अभिमान वाटतोच. पण मी आता तीन वर्षं मुलींशी बोलतेय, आणि बारावी-पदवीनंतर त्यातल्या हुशार मुलींचं काय होतं ते बघवत नाही कधी कधी. मार्क आहेत, हात चालतात, आणि पुढे काय याचं उत्तर घरात कुणाकडेच नाही, कारण घरातली ती पहिलीच पदवीधर. बाबांना बोटीचं माहीत, आईला काजूचं माहीत, एमएस्सीचा फॉर्म कधी निघतो ते कुणाला विचारायचं. मुंबईत शेजारची ताई असते, मामेबहीण असते, इथे वाडीत कुणी नसतं. म्हणून जी आधी त्याच वर्गात बसून गेली तिला हुडकून आणणं, यासाठी मी एवढी ती वही-वही करतेय.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल माझं मन अजून शांत नाही. माझ्याकडे राजापूर बाजूची एक मुलगी होती, एसवायला असताना लग्न ठरलं. वय पूर्ण होतं, मुलगा चांगला, मुलगी नाही म्हणत नव्हती, पण फोनवर गप्प झालेली. मी माझ्या ताईला घेऊन तिच्या घरी गेले. तिची आजी ओटीवर बसलेली, म्हणाली काय गो बायांनो, पोरीचं लग्न मोडायला आलाव काय. माझी ताई म्हणाली, नाही आजी, आहेर काय द्यायचा ते विचारायला आलोय. आणि चहा पिता पिता तिने सासरच्यांसमोर बोलायचा शब्द घेतला की टीवाय पूर्ण करू द्यायचं, परीक्षेला माहेरी राहू द्यायचं, फी आम्ही बघू. शब्द पाळला गेला, मुलगी पदवीधर झाली. पण तिला एमएस्सी करायचं होतं, ते फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ते राहिलं. मला वाटतं आम्ही अजून थोडं ताणायला हवं होतं, वर्षभर लग्न पुढे ढकला एवढं तरी म्हणायला हवं होतं. ताई म्हणते जास्त ताणलं असतं तर दार बंद झालं असतं आणि टीवाय पण गेलं असतं. असेल तिचं बरोबर. तिला तीस वर्षांचा अनुभव. पण अशा वेळी ताईने कुठपर्यंत जायचं याचं ग्रुपमध्ये काही ठरलेलं नाही, प्रत्येक जण आपल्या हिमतीने करते, आणि नवीन ताईला ते फार जड जातं. यावर एकदा बसून बोलायला हवं असं मी दोन मेळाव्यात मांडलं, अजून झालेलं नाही.

देवरुखची एक ताई आहे आमच्यात, इतिहासाची, ती नेहमी सांगते की आपण करतोय ते इथल्या मातीत नवीन नाही. महर्षी कर्वे आपल्या दापोलीच्या मुरुडचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती कर्व्यांपेक्षा देवरुखच्या दोन बहिणींचं सांगते. थोरली गोदूबाई, लहानपणी विधवा झालेली, मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला गेली, १८९३ ला कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, त्याच पुढे आनंदीबाई उर्फ बाया कर्वे. आणि धाकटी पार्वतीबाई आठवले, त्या पण विधवा, कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात आल्या, शिकल्या, मग तोच आश्रम सांभाळला, गावोगाव फिरून वर्गणी जमवली आणि १९१८ ला इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या. मला हे ऐकल्यापासून एकच वाटत राहतं, की आधी बाहेर पडलेली बहीण होती म्हणून मागचीला वाट दिसली. कॉलेजात कर्व्यांच्या जयंतीला भाषण व्हायचं, या दोघी देवरुखच्या होत्या हे मला वयाच्या तिशीनंतर कळलं.

आता उणिवा, मोकळेपणाने लिहिते कारण ग्रुपमधल्याही वाचतील आणि वाचाव्यात.

जोडी लावताना अजूनही विषय बघतात, केमिस्ट्रीला केमिस्ट्री, कॉमर्सला कॉमर्स. माझा अनुभव असा की परिस्थिती जुळली तर जास्त काम होतं. आजारी वडील सांभाळणारीला तसंच काहीतरी सांभाळलेली ताई द्या, मग विषय मराठी असला तरी चालेल.

दुसरं, आणि हे मला फार लागलेलं. ताई म्हणून नाव घालायच्या फॉर्ममध्ये सध्याचं पद आणि कंपनी असे दोन रकाने होते आणि ते भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जायचा नाही. माझ्या वर्गातली एक मैत्रीण, एकत्र कुटुंब, दोन मुलं, सासूबाईंचं कॅन्सरचं सगळं तिने केलं, टाटाच्या फेऱ्या, कुठली योजना कुठे लागू, रुग्णाच्या नातेवाइकांना मुंबईत कुठे राहायला मिळतं, तिला तोंडपाठ. ती त्या रकान्यापाशी आली आणि फोन ठेवून दिलान. म्हणाली मी काय सांगणार मुलींना. अशा किती जणी तिथून परत गेल्या असतील. आम्ही आठदहा जणींनी भांडून २०२३ ला ते रकाने काढायला लावले, आता तिथे आहे, कोणत्या बाबतीत तुम्हाला विचारलेलं चालेल. ती मैत्रीण आता ग्रुपमधली सगळ्यात जास्त फोन येणारी ताई आहे. पण फॉर्म अजून इंग्रजीतच आहे, तो मराठीत करा, किती वेळा सांगायचं.

मेळाव्याचा पहिला दीड तास सत्कारात जातो. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत, आणि मुली मागे बसून घड्याळ बघतात कारण त्यांना गाडी गाठायची असते. बोलणं खरं तर जेवणाच्या पंगतीत सुरू होतं आणि तेव्हा निम्म्या मुली राहाट्याघरला स्टँडवर पोचलेल्या असतात. कॉलेजचंही मी समजू शकते, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा आहे, फोटो लागतात, अहवाल लागतो. मग फोटो अर्ध्या तासात काढा आणि मुलींना आमच्याकडे द्या.

कलाशाखेच्या ताया कमी आहेत. नेटवर्कची अडचण आहेच, घाटाखालच्या काही वाड्यांत फोन लागत नाही, मुलगी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून बोलते, तिथे पावसाळ्यात पंधरवड्याचा फोन महिन्यावर जातो. त्याला कुणाचा इलाज नाही.

बाकी लहान लहान मदती इतक्या आहेत की सगळ्या लिहीत नाही, दोन सांगते. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणला पूर आला, बाजारपेठेजवळ राहणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरात पाणी माळ्यापर्यंत गेलं, मार्कशीट, डिग्री, सगळा लगदा. तिला महिनाभराने कागद दाखवून नोकरीवर रुजू व्हायचं होतं. ग्रुपमधल्या तिघींनी कामं वाटून घेतली, एकीने पोलिसात नोंद करायला सोबत केली, एक रत्नागिरीच्या बोर्डाच्या विभागीय ऑफिसला दहावी-बारावीच्या दुय्यम प्रतींसाठी गेली, एक मुंबईत विद्यापीठात जाऊन आली. त्या वर्षीपासून प्रत्येक नव्या मुलीला ताई पहिलं काम हेच सांगते, सगळे कागद स्कॅन करून ठेव आणि मूळ प्रती प्लास्टिकमध्ये घालून वरच्या फळीवर.

आणि दुसरी, पुण्याला नोकरी करणारी एक जण गरोदर होती, कंपनीने तिला तोंडी सांगितलं की तीन महिन्यांची रजा मिळते. तिने रात्री ग्रुपवर विचारलं. सकाळी सातच्या आत एका वकील ताईचं उत्तर आलेलं, २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय पण द्यायची असते. लेखी अर्ज कसा लिहायचा तो मसुदा पण दिला. मिळाली तिला रजा. मला माझ्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा मला विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या दोन महिन्यांसाठी आणि इंग्रजी फॉर्मसाठी. शिकणाऱ्या मुलींनी पहिल्याच वर्षी नाव घाला, टीवायला आल्यावर घाईघाईत नको, ताईला तुमची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिली ताई नाही जमली तर मोकळेपणाने बदलून मागा, कुणी रागावत नाही. पास होऊन गेलेल्यांनो, काही प्रश्न पडला असेल तेव्हाच या असं नाही, पण पडला असेल तर नक्की या, पन्नाशीच्या बायका पण मागायला येतात. एकीला नवरा गेल्यावर बँकेत वारस लावायचं होतं, एकीला मुलं बाहेरगावी गेल्यावर परत शिकायचं होतं, दोघींना ताई मिळाली, आणि दुसरीची ताई तिच्याहून बारा वर्षांनी लहान आहे. नाव घालताना कॉलेजात होतं तेच लिहा, माहेरचं, आणि आईचा नंबर द्यायला विसरू नका.

आमच्या २०१२ च्या केमिस्ट्रीच्या आम्ही अकरा जणी होतो. सात सापडल्या. एकीचा पत्ता लागलाय, कुवेतला आहे, मेसेज वाचते पण अजून उत्तर नाही, चालेल, तिची तयारी होईल तेव्हा बोलेल. दोघींची माहेरची घरं आता बंद असतात. आणि एक लांजा बाजूची, दुसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची, वर्गात सगळ्यात स्वच्छ टायट्रेशन तिचं, सर तिचं फ्लास्क उचलून सगळ्यांना दाखवायचे. तिचं लग्न परीक्षेनंतर लगेच झालं आणि त्यानंतर कुणालाच काही माहीत नाही. नाव मुद्दाम इथे टाकत नाही. लांज्याकडच्या कुणाला हे वाचून ती कोण ते लक्षात आलं तर तिला एवढं सांगा, वहीत तिच्या नावाची ओळ आहे, पुढचा रकाना रिकामा ठेवलाय.